ओलूम हा शब्द कुणाचा

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं काम ताई सव्वीस वर्षं करत होती. काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी बोलायचे, नंबरचा कागद मागे यायचा आणि ताई मशीनवर काच धरून तिला फ्रेमच्या आकारात उतरवायची. चष्मा शेवटी नाकाकानावर नीट बसवावा लागतो, म्हणून तेवढ्यापुरती ती बाहेर यायची. काडी किती वाकवायची हे तिला नुसता चेहरा बघून कळायचं, आणि खरं सांगायचं तर याचा तिला थोडा तोराही होता.

एकदा दुपारी कॉलेजातल्या दोन मैत्रिणी दुकानात आल्या. चष्मा एकीचा होता, पण बोलत होती दुसरीच. "हिला ना, ते घट्ट होतंय. म्हणजे नाकावर. हो ना गं?" चष्मेवालीनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मैत्रिणीनं तिसऱ्यांदा तिचं वाक्य पळवलं. तशी चष्मेवालीनं हात वर केला आणि म्हणाली, "ओलूम!"

मैत्रीण गपकन गप्प झाली. चष्मेवालीनं सावकाश, शब्द जुळवत सांगितलं, की नाकावर काहीच होत नाहीये, डाव्या कानाच्या मागे टोचतंय. तिचं पूर्ण बोलून होईपर्यंत मैत्रिणीनं हूं की चूं केलं नाही. मग हसून म्हणाली, "सॉरी. फारच झिंबटपणा केला मी."

ताईच्या हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर टणकन फरशीवर पडला.

"काय म्हणालीस? हे शब्द कुठले?"

"पुस्तकातले, काकू! ती कड्यावरच्या राज्याची मालिका आहे ना, पाच भागांची? त्यातली माणसं बोलतात असं. कुणी ओलूम म्हटलं की त्याचं बोलणं संपेपर्यंत राजासुद्धा मधे बोलू शकत नाही. आणि दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पुरं करणारा तो झिंबट. आमच्या अख्ख्या वर्गात चालतं. त्या लेखकाचं डोकं म्हणजे ना, मानलं पाहिजे!"

"हो का," ताई म्हणाली आणि वाकून स्क्रूड्रायव्हर शोधू लागली. चांगला मिनिटभर तिनं तो शोधला. समोरच पडला होता.

तो लेखक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि ते शब्द तिचे होते.

धाकटा लहानपणी बोलताना अडखळायचा. 'क' आणि 'प' ही दोन अक्षरं तर त्याच्या वाटेत धोंड्यासारखी पडलेली असायची. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि कुणी उत्तराशी अडलं की त्यांना राहवायचं नाही. पोरगा "क... क..." करायला लागला की ते मायेनंच शब्द पुरवायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचा पुरवायचे. त्याला कात्री हवी असायची, हातात यायचा कंगवा. बिचारा कंगवा घेऊन गुपचूप खोलीत जायचा.

ताई तेव्हा दहा वर्षांची होती, तो सहा. एका संध्याकाळी त्याला कोपऱ्यात बसून रडताना बघून तिनं ठरवलं, की ह्याला न अडखळता येतील असे शब्द आपणच करायचे. पहिला केला ओलूम. 'ओ' म्हणायला कुठे अडत नाही, आणि 'म'ला ओठ आपोआप मिटतात. जेवताना तिनं सगळ्यांना नियम सांगितला: धाकट्यानं ओलूम म्हटलं, की त्याचं होईपर्यंत घरात सगळ्यांचे ओठ बंद. आई हसली, बाबांनी भुवया चढवल्या, पण नियम पाळला. निदान पाळायचा प्रयत्न केला. मग दोघांनी पलंगाखाली बसून आणखी शब्द पाडले. झिंबट झाला. अवघड शब्द धडपणे बोलून झाल्यावर पोटात जे होतं, त्याचं नाव लुईलुई पडलं. असे चाळीसेक झाले असतील. झिंबट कोण, हे बाबा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे धाकटा पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढायच्या नोकरीला लागला आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागला. ताईनं पहिले दोन भाग वाचले, लढाया फार आहेत म्हणून तिसरा कपाटात ठेवून दिला आणि विचारणाऱ्याला "छान लिहितो हं" असं सांगत राहिली.

घरी जाऊन तिनं त्याला फोन लावला. "आपले शब्द घातलेस तू?"

"ति... तिसऱ्या भागापासून. तू वाचून काही म्हणशील म्हणून वाट बघत होतो."

"चार वर्षं? अरे, विचारायचं तरी!"

"कसं विचारणार? तू छान आहे म्हणाली होतीस."

ताई खजील झाली. उरलेले तिन्ही भाग तिनं तीन आठवड्यांत वाचून काढले, लढायांसकट. आणि त्यानंतर तिचे कान टवकारलेलेच राहिले. दवाखान्यात बाकावरची बाई नवऱ्याला ओलूम म्हणाली. बसमध्ये कुणीतरी फोनवर साहेबाला झिंबट म्हणून शिव्या घालत होतं. तिच्याच दुकानात एका पोरीनं नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली आणि ओरडली, "लुईलुई!" ताईला कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. पण सांगायचं तरी काय आणि कुणाला, म्हणून ती मान खाली घालून काच घासायची आणि एकटीच हसायची.

मग ग्रंथालयाच्या सभागृहात वाचकांनी मेळावा ठेवला. धाकट्यानं आजवर अशी आमंत्रणं टाळली होती, उत्तरं लिहून पाठवायचा. या वेळी हो म्हणाला. "पण तू पहिल्या रांगेत पाहिजेस. आणि बाबांना आण."

सभागृह गच्च भरलं होतं. धाकटा उभा राहिला, चार वाक्यं बरी गेली, आणि मग व्हायचं ते झालं. "ही क... क... क..."

"कादंबरी," पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मदतीला धावले.

धाकट्यानं मान हलवली, श्वास घेतला आणि म्हणाला, "ओलूम."

तीनशे माणसं एकदम चिडीचूप. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. त्याला तो शब्द काढायला किती वेळ लागला कोण जाणे, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

"ही कल्पना माझी नव्हे," त्यानं वाक्य पुरं केलं. "तुम्ही विचारता, हे शब्द कुठल्या जुन्या भाषेतून आणले. माझी बहीण दहा वर्षांची होती, तेव्हा तिनं ते माझ्यासाठी केले. मला बोलता यावं म्हणून. ती इथे बसलीय. चष्म्याच्या काचा करते. आणि पहिला झिंबट तिच्या शेजारी बसलाय."

ताईच्या आधी उठले ते ब्याऐंशी वर्षांचे बाबा. "म्हणजे झिंबट मी होय?" त्यांनी ताईला खड्या आवाजात विचारलं. आणि मग वळून, काठी उंचावून, सगळ्या सभागृहाला: "मीच तो!" अशा काही टाळ्या झाल्या की म्हाताऱ्याला दोनदा परत उठावं लागलं.

मग ताईही उभी राहिली. एका दाढीवाल्या तरुणानं विचारलं, "ताई, आमचा वाद आहे. ओलूम ही विनंती आहे की हुकूम?"

"बाबा रे," ताई म्हणाली, "याला कात्री पाहिजे होती. तेवढंच माझ्या डोक्यात होतं."

कार्यक्रमानंतर लोक तिच्यापुढेही पुस्तकं घेऊन उभे राहिले. रांगेत एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती. आता हात वर करून ओलूम म्हणते आणि बोलते. दहा-दहा मिनिटं बोलते. आम्हालाच आता घंटेची वाट बघावी लागते!"

ताईनं त्यांच्या पुस्तकावर सही केली, पूर्ण नावाची, आणि जरा मोठीच केली. शेजारी बाबा कुणीही न विचारता सगळ्यांना सांगत होते, "पोरगी माझी. दोघंही माझेच."

सहाव्या भागासाठी धाकट्यानं तिच्याकडे नवे शब्द मागितले. तिनं जेवणाच्या सुट्टीत बसून अकरा केले. दोन त्याला पसंत पडले नाहीत, तेव्हा ताई दुकानातल्या फोनवरून त्याच्याशी तावातावानं भांडली, गिऱ्हाइकांसमोर. अकराच्या अकरा शब्द छापायला गेले.