दाढी केलेला माणूस

“एकदम छान वाटतंय, डॉक्टर. झोप लागते, जेवतोय. आज दाढीसुद्धा केली. शनिवार-रविवार घरी सोडा, एवढंच,” नोलीन हसत म्हणाल्या.

दर फेब्रुवारीत आमच्या मानसोपचार वॉर्डात नवे डॉक्टर येतात. बूट चकचकीत, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. खऱ्या पेशंटपुढे जाण्याआधी त्यांना शिकवणाऱ्या नोलीन स्वतः पेशंट होऊन त्यांना तयार करतात. अंगात चौकड्यांचा पुरुषी शर्ट असतो, कोपराशी वेल्डिंगच्या ठिणगीने जळलेला. पोरांना तो नाटकाचा पोशाख वाटतो.

मी इथली जुनी नर्स, मला माहीत आहे. शर्ट त्यांच्या धाकट्या भावाचा, गार्थचा. दुसऱ्या गावातल्या वॉर्डात एका शुक्रवारी तो हेच बोलला आणि सुट्टी मिळवली. डॉक्टरला काय सांगितलं ते बहिणीला फोनवर हसत हसत ऐकवलं. रविवारी त्याने जीव दिला.

यंदाच्या नव्या डॉक्टरांतल्या हॅरिएटने विचारलं, “जीव द्यावासा वाटतो?”

“छे!”

“औषधं घ्याल?”

“घेईन की.”

“घरी कोण असतं?”

“कुत्रा. माझ्याशिवाय जेवत नाही लेकाचा.”

हॅरिएट हसली. “मग या जाऊन.”

“रविवारी मेला तो,” नोलीन म्हणाल्या.

हॅरिएटचा चेहरा उतरला. मला तिची दया आली आणि रागही आला.

“तुझं काही चुकलं नाही गं. पुस्तकातलं सगळं विचारलंस. त्याच्या डॉक्टरनेही विचारलं होतं. चल, तेविता, तू बस.”

तेविता टोंगा बेटांवरचा, धिप्पाड, अबोल. खुर्ची ओढून तो जरा खाली वाकून बसला. नोलीननी तीच वाक्यं म्हटली, तशीच हसत.

त्याने घाई केली नाही. “इतके दिवस दाढी वाढवून बसला होतात. आज केलीत. आज काय ठरवलंत तुम्ही?”

नोलीननी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत कुठल्याच पोराने हे विचारलं नव्हतं. गार्थलाही कुणी विचारलं नव्हतं; त्याने फोनवर ऐकवलेली वाक्यं इथेच संपत होती. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरून आले. हात कोपराच्या जळक्या भोकावर गेला.

“माझं काही चुकलं का?” तेविता घाबरला.

“थांबायचं का, नोलीन?” मी म्हटलं.

त्यांनी नको म्हणून मान हलवली. शर्टाचं वरचं बटण लावलं.

“परत विचार त्याला,” त्या तेविताला म्हणाल्या. “असंच, हळू.”