चोवीस चिलापी आणि उत्तराची अट

सोसायटीच्या सेक्रेटरीपदी माझी निवड जवळजवळ एकमताने झाली. विरोध मी एकट्यानेच केला होता, आणि तो इतिवृत्तात नोंदवायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवायला परवानगी हवी, हा देवव्रतचा अर्ज माझ्याच पुढ्यात आला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'अक्वापॉनिक्स'.

देवव्रत विमा कंपनीत अधिकारी. वय बावन्न, जन्मापासून शाकाहारी. सर्वसाधारण सभेत त्याने सगळं समजावून सांगितलं. टाकीत मासे सोडायचे. मासे पाणी घाण करणार. ते पाणी पंपाने वरच्या वाफ्यांत जाणार, तिथली भाजी त्या घाणीवर पोसणार, आणि पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे येणार. माती नाही, खत नाही. घाण करणारे आणि साफ करणारे एकमेकांवर न ओरडता राहतात, ही कल्पना सभेला नवीन होती. तिसऱ्या मजल्याने माशांवर हरकत घेतली.

"हे मासे शेवाळ खातात," देवव्रत म्हणाला. "शाकाहारी आहेत."

हरकत मागे घेण्यात आली.

फेब्रुवारीत त्याने चिलापीची बोटभर पिल्लं आणली. तीस. सहा दगावली किंवा कावळ्यांनी नेली, उरली चोवीस. वाफ्यांत लेट्यूस आलं आणि बेसिल आलं. बेसिल म्हणजे आपली तुळसच, फक्त पासपोर्ट असलेली. एप्रिलपर्यंत देवव्रत 'माझी टाकी' म्हणायचा. मे महिन्यात 'पायलट प्रोजेक्ट' म्हणू लागला. जूनमध्ये त्याने कांजूरमार्गला एक शेड बघून ठेवली, चाळीस टाक्या मावतील एवढी. त्याच सुमारास त्याच्या ऑफिसात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. अर्जाची शेवटची तारीख एकतीस जुलै.

त्याची बायको उत्तरा शाळेत गणित शिकवते. तिने आरडाओरडा केला नाही, एक अट घातली. अर्जावर सही करायची तर एकतीसच्या आत टाकीतले मासे विकून दाखवायचे, आणि तेही अनोळखी माणसाला.

"ओळखीचा धरायचा नाही," ती माझ्यासमोर म्हणाली. "ओळखीचे लोक भिडेखातर काहीही घेतात. मी याची पॉलिसी घेतली आणि मग याच्याशी लग्न केलं."

देवव्रतला अट सोपी वाटली. त्याच्या लॅपटॉपमध्ये सगळं तयार होतं. फक्त मासे पूर्ण वाढायची तारीख दहा ऑगस्ट होती. ती दहा-पंधरा दिवस अलीकडे ओढावी लागणार, एवढंच.

आता सहदेवदादा. तळमजल्यावर राहतात, मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचे आणि आता निवृत्त आहेत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून त्यांची निवृत्ती सुखाची आहे. इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये चार फुटांची पट्टी आहे. तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत त्यांचं अळू, तोंडली आणि मिरच्या असतात. या प्रकाराला नाव नाही. त्यामुळे त्यांनी कधी परवानगी मागितली नाही, आणि मलाही ती नाकारता आली नाही.

देवव्रतच्या टाकीला गाळणी होती. त्यात माशांच्या विष्ठेचा काळा गाळ साठायचा. दर रविवारी सहदेवदादा बादली घेऊन चार मजले चढायचे आणि तो गाळ अळवासाठी खाली न्यायचे. जुलैच्या पहिल्या रविवारी मीही वर होतो. तिसऱ्या मजल्याने नळाच्या दाबाची तक्रार केली होती.

"मासे मोठे झाले रे," दादा टाकीत वाकून म्हणाले. "कधी काढतलस?"

"दहा ऑगस्ट ठरलं होतं. आता अठ्ठावीस जुलै. की आदला रविवार ठेवावा? लोक घरी असतात."

"अठ्ठावीसला?"

"हो. का?"

"पंचवीसला श्रावण लागता." दादांनी बादली खाली ठेवली. "श्रावणात मासो कोण खातलो रे, मेल्या?"

देवव्रतने माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे पाहिलं.

तो मूर्ख नाही, हे इथे सांगायला हवं. त्याच्या घरी श्रावण अगदी कडक असतो, कांदा-लसूणसुद्धा बंद. पण जी गोष्ट घरात बारा महिने शिजतच नाही ती एका महिन्यात बंद असते, हे माणसाच्या लक्षात यावं कसं? त्याच्या तक्त्यात विजेचा दर होता, पाण्याचं तापमान होतं, खाद्याचं वजन होतं. फक्त खाणारा नव्हता.

"मग गणपतीनंतर?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"आणि एकतीस जुलै?" मी म्हणालो. सेक्रेटरीला तारखा पाठ असतात.

"गटारीक काढ," दादा म्हणाले. "चोवीसला. त्या दिवशी लोक दगडसुद्धा तळून खातत."

चोवीस जुलैला, श्रावणाच्या आदल्या दिवशी, देवव्रतने रजा टाकली आणि सकाळी सातला गेटबाहेर टेबल मांडलं. शेजारी टब, टबात चोवीस जिवंत चिलापी. टेबलावर एक पाटी होती: 'रसायनमुक्त. मातीविरहित. गच्चीवरून थेट.' खाली उत्तराच्या सुवाच्य अक्षरात भाव होता. उत्तरा स्वतः पहिल्या मजल्याच्या खिडकीत चहा घेत होती. परीक्षेला सुपरवायझर बसतो तशी.

लोक थांबत होते, हे मान्य करायला हवं.

"पापलेट आहे?"

"नाही. चिलापी."

"सुरमई?"

"नाही हो, चिलापीच."

"गोड्या पाण्यातली?" असं म्हणून लोक पुढे जायचे. ज्या आवाजात आपण 'मुलगा अजून शिकतोय का?' असं विचारतो, त्या आवाजात.

एका बाईंनी मात्र टबात निरखून पाहिलं, दोन बोटांनी अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "हा द्या. साफ करून, तुकडे करून द्या."

देवव्रतचा चेहरा पाण्याच्या रंगाचा झाला. "साफ म्हणजे... पाणी तर स्वच्छच आहे ओ."

बाई गेल्या.

"अरे, कोळीण कापून देते म्हणून तर लोक तिच्याकडे जातात!" सुगंधावहिनी गेटमधून ओरडल्या. या सहदेवदादांच्या पत्नी. त्यांनी येऊन एक चिलापी उचलली, नाकाजवळ नेली आणि परत सोडली. "मासा ताजा आहे हां. पण कसं सांगू, समुद्र नाही रे त्याच्यात."

"वहिनी, सहा महिने पोसलेत मी."

"मग आता सासरी जाईनात, तर काय करतलस!"

नऊ वाजले. सहदेवदादांना राहवलं नाही. "दोन माका दी."

"तुमचा धरायचा नाही," देवव्रत म्हणाला आणि वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीने मान हलवली.

साडेनऊला एक स्कूटर थांबली. हेल्मेट काढून एक गृहस्थ टबापाशी आले आणि आपला हरवलेला भाऊ दिसावा तसे वाकले.

"तेलापिया?" ते म्हणाले. "जिंदा?"

"जिंदा," देवव्रत म्हणाला.

गृहस्थ बंगाली होते, पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेले. कापून नको म्हणाले, कापलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी फोन लावला. दहा मिनिटांत टॉवरमधून आणखी तीन बंगाली पिशव्या घेऊन आले. टेबलाभोवती भाषेचा असा गोड कल्लोळ झाला की वॉचमनला वाटलं भांडण आहे. पावणेदहाला टब रिकामा होता.

उत्तरा खाली आली. तिने टबात पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अनोळखी होते. अट पूर्ण. कर सही."

तेवढ्यात स्कूटरवाले वळले. "दादा, हर संडे इतना चाहिए. पक्का. अगला कब?"

मी देवव्रतच्या चेहऱ्यावर तो लॅपटॉपमधला तक्ता उघडताना पाहिला.

"जनवरी," तो म्हणाला.

गृहस्थांना वाटलं, विनोद आहे. मोठ्याने हसले आणि गेले.

त्यानंतरचा आठवडा गच्चीवर शांत गेला. टाकीत मासे नव्हते, म्हणजे घाण नव्हती, म्हणजे भाजीला अन्न नव्हतं. चार दिवसांत लेट्यूस फिकट झालं. रविवारी सहदेवदादा बादली घेऊन चढले आणि रिकामीच घेऊन उतरले. तरी अळू मात्र फोफावलं होतं. सहा महिने खाल्लेलं होतं त्याने. श्रावणात अळूवडी सगळ्यांनाच हवी, तिसऱ्या मजल्यालाही. दादा पानांच्या गड्ड्या दारोदार देत फिरले.

"विकत का नाही तुम्ही?" देवव्रतने त्यांना जिन्यात गाठलं. "गेटवर अर्ध्या तासात संपतील."

"विकलंय तर पुढच्या गुरवारी गिऱ्हाईक परत येतला," दादा म्हणाले. "तेव्हा पानां नसली तर शिव्या घालीत. आता नसली तर लोक विचारतत, दादा, तब्येत बरी मां?"

त्या रात्री देवव्रतच्या घरून दादांकडे वड्यांचा डबा गेला. सकाळी डबा परत आला, मिरच्यांनी भरलेला. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, एवढा एक नियम आमच्या इमारतीत सेक्रेटरीशिवाय पाळला जातो.

एकतीसला देवव्रत अर्ज बॅगेत घालून ऑफिसला गेला. जाताना उत्तराने त्याला अडवलं नाही आणि धीरही दिला नाही. अट तिची होती, पुढचं त्याचं होतं. त्या दिवशी तिने शाळेत सातवीला तोच धडा दोनदा शिकवला, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

दुपारी तीनला तो परत आला. हातात हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत बोटभर पिल्लं सुळसुळत होती. मी जिन्यात उभा होतो, उत्तरा दारात.

"दिलास अर्ज?" तिने विचारलं.

"दिला."

तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"अर्ध्या दिवसाच्या रजेचा," तो म्हणाला. "पिल्लांचं दुकान चारला बंद होतं."

उत्तरा आत गेली. आत भांडी जरा जास्तच वाजली, पण बऱ्या सुरात.

गच्चीवर दादा आधीच येऊन बसले होते, बादली उलटी घालून तिच्यावर. देवव्रतने पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि खिशातून कागद काढला.

"दादा, आता सोडली तर सहा महिन्यांनी काय येतं?"

दादांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. "माघ. मधी गणेश जयंती. एकाच दिवसाचो प्रश्न."

देवव्रतने ते लिहून घेतलं. मग दोरा सोडून त्याने पिल्लं पाण्यात सोडली, आणि दादा बादली सरळ करून गाळणीपाशी जाऊन बसले. गाळ साठायला अजून महिना होता.