दिवसपाळीचा समुद्र

"अगं बाई, म्हणजे तुम्ही आहात तर!" बसच्या पायरीवर एक पाय ठेवून हेडबाई थबकल्या. "मी आठवडाभर यांना विधुर समजत होते हो!"

रांगेत हशा पिकला. मिस्त्री ओशाळून हसले. सिस्टरही हसल्या, पण खिडकीशी जाऊन बसेपर्यंत ते हसू विरून गेलं होतं.

आठवडाभराच्या सहलीची बोट सकाळीच धक्क्याला लागली होती. सामान बसच्या पोटात गेलं होतं, विमान संध्याकाळचं होतं आणि मधला दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडण्यासाठी राखून ठेवला होता. हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्याच ग्रुपमधल्या. त्यांचं तरी काय चुकलं? बोटीवर मिस्त्री एकटेच दिसायचे. डेकवर एकटे, जेवायला एकटे. सिस्टर खाली केबिनमध्ये पडदा ओढून झोपलेल्या.

तो आळस नव्हता. सिस्टरांनी उभी हयात हॉस्पिटलात रात्रपाळी केली होती. मिस्त्री बस डेपोत मेकॅनिक, कायम दिवसपाळीला. मुलगी तान्ही होती तेव्हा तिच्याजवळ सतत कुणीतरी हवं, म्हणून दोघांनी ठरवून तशा पाळ्या मागून घेतल्या. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली, तरी त्या बदलून मागायचं राहूनच गेलं. सकाळी दारात दोघांची गाठ पडायची आणि तिथंच चार्ज दिला-घेतला जायचा. "दूध तापवलंय. पोरीचा खोकला कमी आहे. नळाचा वायसर बदललाय." "बरं." की ते निघाले कामाला आणि त्या आडव्या झाल्या.

पुढं दोघंही निवृत्त झाले, पण सिस्टरांच्या शरीराला ते कुणी कळवलंच नाही. उजाडलं की पापण्या जड व्हायच्या, अंधारलं की डोळे टक्क उघडे. आठवडाभर समुद्रावर राहून त्यांच्या वाट्याला आला होता तो काळोख आणि बोटीच्या अंगावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज.

"आई, आता तरी बाबांबरोबर बस दोन घटका," असं म्हणून मुलीनं ही सहल ठरवून दिली होती. त्यामुळे काल बॅगा भरताना सिस्टरांनी मनाशी नेम केला: उद्याचा दिवस डोळा लागू द्यायचा नाही. एकदा तरी दोघांनी मिळून उजेडातला समुद्र बघायचा. हात जोडून आजवर त्यांनी पुष्कळ मागितलं होतं, बहुतेक परक्यांसाठी, वॉर्डातल्या खाटांसाठी. एवढं एक स्वतःसाठी.

"डुलकी लागली तर चिमटा काढा मला," त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

"चिमटा? तुला?" मिस्त्री म्हणाले. "इंजिन उतरवायला सांग, ते करतो."

पहिला थांबा दीपगृहाचा. वर चढून गेल्यावर चहूकडं नुसतं पांढरं धुकं. कठड्याच्या पलीकडं समुद्र आहे हे गाइडनं सांगितलं म्हणून मानायचं. "निराश होऊ नका मंडळी," तो म्हणाला, "दुपारी लख्ख उघडेल. शेवटचा थांबा खुल्या वाळूचा ठेवलाय, तिथं पाय भिजवा हवे तेवढे."

मग मासळीबाजार. गल्लीतून चालताना मिस्त्री सारखे पुढं निघून जात, मग एकदम आठवल्यासारखं थांबत. कुणाच्या बरोबरीनं चालायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. सिस्टर पाय उचलत, तर ते आता फार हळू चालू लागत. एकदा दोघं एकमेकांवर आदळले.

"ब्रेक लावताना सांगत जा," सिस्टर म्हणाल्या.

"मागच्यानं अंतर राखायचं असतं," मिस्त्री म्हणाले, आणि दोघंही चक्क रस्त्यात उभे राहून हसले. आज जमतंय, असं सिस्टरांना वाटलं.

जेवण झाल्यावर बस उन्हात तापली होती. सिस्टरांनी डोळ्यांना पाणी लावलं. बोटांच्या पेरांवर नाम मोजलं. स्वतःच स्वतःला चिमटे काढले. आणि कुठल्यातरी वळणावर त्यांना झोप लागलीच.

बस थांबली तशी जाग आली. पुरती, स्वच्छ जाग. डोळे उघडणार, तोच शेजारून मिस्त्रींचा आवाज आला. "शूऽऽ. हळू उतरा जरा."

"अहो, उठवा की त्यांना!" हेडबाई म्हणाल्या.

"नको, नको. नाईट करून आलीय."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. मग बुटांच्या नाड्या सुटल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी बूट हातात घेतले, पुढच्या सीटला धरून अंग उचललं आणि सिस्टरांची सीट हलू न देता ते बाहेर पडले.

सिस्टरांना तेव्हाही डोळे उघडता आले असते. पण असंच तर होत आलं होतं. सुटीच्या दिवशी दुपारी मिस्त्री घरात चोरासारखे वावरत. भांड्यावरचं झाकण दोन्ही हातांनी उचलत, कडी बोटानं दाबून लावत. सिस्टरांना तरी जाग येई. खाटेवरच्या पेशंटनं कूस बदलली तरी ऐकू येणारे कान ते! पण त्या डोळे मिटून पडून राहत, श्वास संथ ठेवत. इतकं जपतो माणूस, ते वाया गेलंसं त्याला का वाटू द्यायचं? आजही त्यांचा श्वास आपोआप संथ झाला. आजचा दिवस वेगळा आहे, हे मनापर्यंत पोचलं तेव्हा बस रिकामी झाली होती. एवढं जपून गेलेल्या माणसामागं धावत जायचं तर झोपेचं सोंग उघडं पडणार. थोडं थांबून, आत्ताच उठल्यासारखं जावं, असं त्यांनी ठरवलं, आणि त्या थांबून राहिल्या.

त्या उतरल्या तेव्हा ड्रायव्हर हॉर्न देत होता. "आता कुठं निघालात, काकू? मंडळी परत येताहेत."

समोर वाळूची उंच टेकडी होती. तिच्या पलीकडून गाज येत होती. टेकडी उतरून मंडळी येत होती, सगळ्यात पुढं मिस्त्री, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सिस्टरांना पाहताच त्यांचा चेहरा पडला.

"उठलीस? माझा आवाज झाला का?"

"नाही हो. आत्ताच जाग आली."

मिस्त्रींनी टेकडीकडं पाहिलं. "चल, पटकन दाखवतो. अगं, वर चढलं की लगेच—"

"काका, विमान थांबणार नाही आपल्यासाठी," गाइड म्हणाला. "आधीच उशीर झालाय."

मिस्त्री त्याच्याकडं पाहत राहिले, मग सिस्टरांकडं. चिमटा काढायला सांगितलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं असावं. ते काहीतरी बोलायला गेले.

"चला," सिस्टर म्हणाल्या.

बस किनारा सोडून आत वळली. मग मिस्त्रींनी, नेहमी दारात द्यायचे तसा, चार्ज द्यायला सुरुवात केली. "वाळू घट्ट होती. पाणी गार. धुकं पार गेलं होतं."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि?"

"आणि काय? लाट येते. परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. आपणच सरकतोय असं वाटतं. मी आधी दचकलो. मग..." ते शब्द शोधत होते, असल्या गोष्टी सांगायची सवय नव्हती. सिस्टरांनी ते नीट दिसावं म्हणून डोळे मिटून घेतले. तळव्याखालची ओली वाळू त्यांना जाणवू लागली होती.

मिस्त्रींचा आवाज हळू झाला. मग थांबला. सीट करकरू नये म्हणून ते बेतानं मागं टेकले.

"जागी आहे मी," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. सिस्टरांचे डोळे मिटलेलेच होते.

"आणि मघाशी?"

"मघाशीही."

खिडकीबाहेर गोदामांच्या लांबच लांब भिंती मागं पडत होत्या. मिस्त्री सिस्टरांकडं बघत राहिले.

"मग घरी... दुपारी?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी डोळे उघडले. त्यांनी हात तेवढा मिस्त्रींच्या हातावर ठेवला, नाडी बघायला ठेवतात तसा, आणि तिथंच राहू दिला.

मिस्त्रींनी घसा खाकरला.

"तर लाट येते," ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं, की पुढच्या सीटवर पेंगणाऱ्या हेडबाई दचकून जाग्या झाल्या.