रंगाचा पाचवा हात

आज सकाळी सात वाजता घरातल्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली, चहाचा कप खिडकीत ठेवला आणि चमच्याच्या दांड्याने राखाडी रंगाच्या डब्याचे झाकण उचकटले. तो आवाज मी चांगला ओळखतो.

मित्रांनो, मी लाकूड आणि प्लॅस्टरचा एक जुना किल्ला आहे. उंची दीड वीत, बुरूज चार. पेराएवढे शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळतात, त्या खेळातला. तीस वर्षांपूर्वी दादाने माझा सांगाडा जोडला. प्लॅस्टर ओले असतानाच त्याच्या धाकट्या बहिणीने शाई संपलेल्या बॉलपेनने माझ्या भिंतींवर दोन हजार दगड कोरले. पहिल्या डावाला आलेले खेळाडू सैनिक विसरून दगडांमधल्या त्या सांधीच न्याहाळत बसले होते.

वेढे सोसून मी झिजलो, त्याचे दुःख नाही. ते माझे कामच. मला वीट आला तो डागडुजीचा. टवका उडाला की दादा वरून रंग चोपडायचा. असे चार हात बसले, दगड दिसेनासे झाले आणि खेळाडू मला ‘साबणाची वडी’ म्हणू लागले. अरे, मी झिजलो कमी, बुजलो जास्त! पण हे ओरडून सांगायला भिंतीला तोंड कुठे असते?

आज तर त्याने रंगात पुट्टी कालवली होती. ती सुकली की सांधी कायमच्या गेल्या. ब्रश बुडणार, तोच बहीण आली. ती आता दातांची डॉक्टर आहे.

“दादा, माझे दगड कुठायत?”

“आहेत की आत. रंगवला की बघ, नवा कोरा दिसेल.”

“किडलेल्या दाताला चुना फासतोयस तू!”

“अगं, रविवारी डाव आहे. दोन हजार दगड उकरणार कोण?”

“होतील तेवढे होतील. बाकीचे पुढच्या रविवारी.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे करण्याआधी, तिचे काय झाकले जाणार आहे ते एकदा पाहा. एवढेच मागणे.

दादाने डब्याचे झाकण अंगठ्याने दाबून बसवले आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला. बहिणीने पर्समधून दात खरवडायची दोन बारीक हत्यारे काढली आणि एक त्याच्या हातात दिले. माझ्या दरवाजाच्या डाव्या अंगाला रंगाची पहिली खपली सुटली.