पगार नाई, पेटी भेटली

मित्रांनो, आरोग्य केंद्रातल्या कपाटावर धूळ खात पडलेली ॲल्युमिनियमची जुनी पेटी दिसते ना, ती मी. एके काळी माझा थाट काही वेगळाच होता. अजूनही बाहेर बांगड्या वाजल्या की मला जयवंताची आठवण येते आणि जीव कासावीस होतो.

जयवंता ही कारंजाजवळच्या एका खेड्यातली दाई. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली तिने प्रशिक्षण घेतले आणि मला तिच्या हाती सोपवण्यात आले. माझ्या पोटात कात्री, दोरा, साबण आणि कापूस होता. पूर्वी गावात नाळ विळ्याने कापत आणि कितीतरी तान्ही बाळे धनुर्वाताने जात. जयवंता कात्री खळखळत्या पाण्यात उकळल्याशिवाय नाळेला हात लावत नसे. हळूहळू तसली मरणे थांबली. मी तर आनंदाने फुगून जायची!

पण माझे चकाकणेच तिच्या मुळावर आले. आमच्याकडे पाचवीला दाईची ओटी भरून तिला सूपभर ज्वारी देत. त्यावरच तिचे घर चाले. गावातल्या अनुसयाबाईंची सून बाळंत झाली, पाचवी पुजली गेली. जयवंता मला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. सूप काही बाहेर आले नाही.

"आता तुले सरकार पगार देते," अनुसयाबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मंग आमी काऊन द्याव?"

"पगार नाई भेटला, बाई. पेटी भेटली."

कोणाला ते पटेना. एवढी झकास सरकारी पेटी, आणि पगार नाही? घरोघरी सुपे आतच राहिली. जयवंता केंद्रावर गेली, तर तिथले साहेब प्रभाकरराव म्हणाले, "जयवंताबाई, ही सेवा आहे. सेवेचं मोल करायचं नसतं." स्वतःचा पगार मात्र ते दर महिन्याला बिनचूक घेत. मला फार राग आला, पण पेटीचा राग कोण विचारतो?

तरी तिने काही वर्षे रेटली. शेवटी लेकरांची पोटे भरेनात, तेव्हा ती कापसाच्या जिनिंगात रोजीने जाऊ लागली आणि मला परत करायला आली. साहेबांनी मला उघडून पाहिले. "सगळं सामान जागेवर आहे," ते म्हणाले. कोणी थांब म्हणेल म्हणून ती जरा वेळ दाराशी उभी राहिली. मग पदराने माझे झाकण पुसून निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात अनुसयाबाई धाकट्या सुनेला बैलबंडीत घालून केंद्रावर आल्या. नर्सबाई एकट्याच चार गावे सांभाळत. त्या दुसऱ्या गावी गेलेल्या. सून कण्हत होती. अनुसयाबाईंची नजर माझ्यावर पडली.

"पेटी त अठीच हाये," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. "मंग जयवंता कुठी हाये?"

शिपाई सायकल काढून नर्सबाईंना आणायला सुटला. नर्सबाई धावत आल्या. सून वाचली, बाळ वाचले नाही.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवू नका. तुमच्या दारी गोळ्या-औषधे घेऊन जी बाई येते, तिला कामाचा पुरता पगार मिळतो का, तेवढे विचारा. मिळत नसेल तर तिच्यासोबत कचेरीत जा. माझी जयवंता परत यावी, असे मला अजून फार वाटते. पण फुकट नको.