बहिर्वक्र आरसा

म्हाळसा ट्रॅक्टर शिकली ती हौसेनं, पण कळस गावच्या त्यांच्या शेतातून सडकेवर यायचं म्हटलं की तिची हौस जिरायची. वाट बरोबर वळणावर निघायची आणि दोन्हीकडं डोक्याच्या वर गेलेला ऊस. समोरून काय येतंय ते दिसायचं नाही. मग नवरा सिद्धू पुढं जाऊन सडकेवर उभा राहायचा आणि हात हलवून तिला बाहेर काढायचा. म्हाळसाला ते खुपायचं. ट्रॅक्टर आपण चालवायचा आणि वाट दुसऱ्यानं दाखवायची!

लेक प्रतिक्षा बारामतीला कॉलेजात संस्कृत शिकत होती. सुट्टीला आल्यावर तिनं हे पाहिलं आणि वळणावर बहिर्वक्र आरसा लावा, असं सांगितलं.

"बहिरा आरसा?" म्हाळसानं विचारलं. "आरशाला कुठं कान असत्यात?"

प्रतिक्षा हसून हसून खाली बसली. मग तिनं स्टीलची वाटी पालथी घालून आईचा हात वाटीच्या फुगीर पाठीवर ठेवला. संस्कृतात बहिस् म्हणजे बाहेर, पुढं व आला की त्याचं बहिर् होतं. आणि वक्र म्हणजे वाकडा. बाहेरच्या अंगाला वाकलेला तो बहिर्वक्र. वाटीच्या आतल्या बाजूसारखा खोलगट असला, तर अंतर्वक्र.

म्हाळसा वाटीवरून हात फिरवत राहिली. "म्हंजी बाहेर आन् वाकडा, हे आपलंच शब्द की गं."

"व्हय आई, एकाच घराण्यातले."

एवढ्यानं म्हाळसाला काय झालं कुणास ठाऊक. एवढा जड शब्द, आणि आत सगळी आपलीच माणसं बसलेली! दिवसभर ती तो शब्द घोळवत होती. भाकरी तव्यावर टम्म फुगली तरी म्हणायची, बघ, बहिर्वक्र झाली.

दुसऱ्या दिवशी तिघं इंदापूरला गेली. दुकानदारानं आधी साधा सपाट आरसा काढला. सिद्धूला तो पसंत पडला. तोंड किती स्वच्छ दिसतंय, म्हणाला.

"तोंड न्हाय बघायचं, रस्ता बघायचाय," म्हाळसा म्हणाली आणि दुकानदाराकडं वळली. "बहिर्वक्र द्या." शब्द एकदाही अडखळला नाही. दुकानदारानं मागून फुगीर, गोल आरसा आणला. त्यात अख्खं दुकान, दारातली गर्दी, पलीकडची पानटपरी, सगळं मावलं होतं.

आरसा वळणावर खांबाला लागला. त्यात गाडी बारकी आणि लांब दिसते, पण असते जवळ, हे प्रतिक्षानं दोनदा बजावलं. सिद्धू सवयीनं सडकेकडं निघाला, तर म्हाळसानं त्याला बांधावरच थांबवलं.

उसाची ट्रॉली घेऊन ती वाटेच्या तोंडाशी आली. वर पाहिलं, तर आरशाच्या कडेला पिवळा ठिपका. लांब वाटत होता. पाय क्लचवरून उचलला जाणार, तेवढ्यात लेकीचे शब्द आठवले आणि तिनं ब्रेक दाबून धरला. दोन श्वास झाले नाहीत तोच पोरांनी भरलेली शाळेची पिवळी गाडी समोरून सपाट्यानं गेली. खिडकीतून दोन पोरींनी तिला हात केला.

म्हाळसानं पुन्हा वर पाहिलं. सडक मोकळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं स्टेअरिंग फिरवलं, ट्रॉलीची मागची चाकंही अलगद सडकेवर आली, आणि सिद्धूकडं न बघता तिनं कारखान्याच्या दिशेनं गिअर टाकला.