एक शेड उजळ

रीमाने मदीहाच्या जबड्यावर फाउंडेशनची तिसरी रेघ ओढली आणि तिला हाताला धरून दुकानाच्या दारात, उन्हात आणलं. धामणकर नाक्यावर भर दुपारी एवढी गर्दी, पण रीमाला लाज वगैरे नव्हती. दिवसातून कितीतरी बायकांना ती अशी रस्त्यावर आणून उभी करायची. दुकानातले दिवे पांढरेशुभ्र होते. त्या उजेडात कोणीही बरं दिसायचं, म्हणून खरं काय ते बघायला बाहेरच यावं लागे.

"आता बघा. पहिली रेघ गुलाबी दिसते, दुसरी राखाडी. तिसरी कुठाय?"

मदीहाने हातातला आरसा तिरका केला. तिसरी रेघ बोटाला अजून ओलसर लागत होती, पण डोळ्यांना सापडत नव्हती.

"हीच तुमची शेड," रीमा म्हणाली. "रंग गव्हाळाच्या थोडा पुढे, पण आतून पिवळसर झाक आहे. मनगटाच्या शिरा बघा, हिरव्या दिसतात की नाही? असल्या स्किनला गुलाबी बेस चालत नाही. तासाभराने तोंडाला राख फासल्यासारखं होतं."

मदीहाची अम्मी, अतिया, पायरीवर पिशवी सांभाळत उभी होती. तिने पुढे वाकून लेकीचा जबडा नीट पाहिला.

"दिसतच नाही, तर लावायची कशाला?"

"आंटी, दिसत नाही तीच बरोबर."

"आम्हांला नको तुझी बरोबर. पहिली दे. मागच्या वेळी नेली ती हीच, ना गो मदीहा?"

"पण मान बघा ना यांची, आंटी. चेहरा एक आणि मान एक—"

"मानेवर ओढणी असते."

रीमाने पहिल्या शेडची बाटली कागदात गुंडाळली. मदीहा रुमालाने जबडा पुसत राहिली. गिऱ्हाईक तिची अम्मी होती, तोंड फक्त तिचं होतं.

अतियाने काही फार मोठी लबाडी ठरवून केली होती असं नाही. मदीहासाठी आधी दोन ठिकाणांहून बायका बघून गेल्या होत्या. दोन्हीकडच्यांनी बिर्याणीची तारीफ केली, मदीहा उर्दू शाळेत गणित शिकवते याचीही केली, आणि मग निरोप पाठवला की मुलगी छान आहे, पण आमचा मुलगा जरा गोरा आहे. दुसऱ्या निरोपानंतर अतिया दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. तिचा नवरा इद्रीस शेवटी वैतागून म्हणाला की कारखान्यातले लूम बंद पडतात तेव्हाही घरात इतकी शांतता नसते. म्हणून कल्याणच्या अदनानकडची माणसं यायची होती त्या दिवशी अतियाने स्वतः बसून लेकीला फाउंडेशन लावलं, कानाच्या मागेपर्यंत. एक शेड उजळ. फार नाही, एकच.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. घोळ झाला तो त्यानंतर.

कोन गावच्या रस्त्यावर ट्रॅफिक इतकं असतं की कल्याणहून निघालेला माणूस भिवंडीत वेळेवर पोहोचत नाही. पाहुणे आले, सरबत झालं आणि असरची, दुपार उतरतानाची अजान झाली. अदनानची अम्मी उठली, त्याची मोठी बहीण इरम उठली, दोघींनी बाह्या वर केल्या आणि इरमने सहज मदीहाला म्हटलं, चल, वुजू करून घेऊ. वुजू म्हणजे नमाजच्या आधी हात, तोंड, पाय धुणं. तोंड तीनदा, केसांपासून हनुवटीच्या खालपर्यंत. लावलेलं सगळं उतरणार, हे अतियाच्या लक्षात आलं.

"तिला आज नमाज नाही," ती पटकन म्हणाली.

बायकांत एवढं पुरे असतं. महिन्याच्या त्या दिवसांत नमाज माफ असते, त्यावर कोणी उलट विचारत नाही. त्या दिवशीही कोणी विचारलं नाही आणि अतियाला वाटलं, सुटलो.

मग दहा-बारा दिवसांनी ती माणसं लग्न ठरल्याची साखर घेऊन आली, तेव्हा सांजेची मगरिब झाली. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कपड्यांची मापं घ्यायला आली, तेव्हा पुन्हा असर. दोन्ही वेळा अतियाच्या तोंडून तेच वाक्य निघालं. दुसऱ्या वेळी ते तिने चाचरत म्हटलं होतं, तिसऱ्या वेळी अगदी सफाईने. मदीहा खाली मान घालून गालिच्याची नक्षी बघत होती. ती नक्षी आता तिला पाठ झाली होती.

तिला राग येत होता, पण तो अम्मीवर काढायचं धाडस नव्हतं, कारण हे लग्न तिलाही हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. अदनान फोनवर भारी भारी काही बोलायचा नाही. शाळेत आज कोणत्या वर्गाने डोकं खाल्लं हे तो विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा. व्हिडिओ कॉल आला की मात्र ती आधी बाटली शोधायची, मग फोन उचलायची. निकाहनंतरच्या पहिल्या सकाळी, फजरला, सासूच्या शेजारी उभं राहून तोंड धुताना काय होईल, हा विचार तिला रोज झोपताना यायचा. एकदा तिने अम्मीला तसं विचारलंही.

"एकदा निकाह झाला की कोण परत पाठवतंय?" अतिया म्हणाली, आणि डाळ निवडायला बसली.

आज इरम एकटीच येणार होती. कारण काय ते फोनवर तिने सांगितलं नव्हतं, फक्त म्हणाली, जरा काम आहे. दुकानातून आल्या आल्या अतियाने नव्या बाटलीचं बूच काढलं. मदीहाने निमूटपणे तोंड पुढे केलं.

इरम आली ती थेट मदीहाच्या खोलीत. पाणीसुद्धा नको म्हणाली. दार लोटून घेऊन ती पलंगावर बसली आणि बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. बाजूच्या गल्लीत लूमची खटखट चालू होती.

"मदीहा, राग मानू नको हां. मी बहिणीसारखी बोलते."

"बोला ना, आपा."

"तुला काही त्रास आहे का?"

"कसला?"

इरमने आवाज आणखी खाली आणला. "आम्ही आलो की दर वेळी तुला नमाज नसते. पहिल्यांदा ठीक. मग दहा-बारा दिवसांनी पण नाही, मग आठवड्याने पण नाही. अम्मीच्या लक्षात आलं. ती तेव्हापासून झोपत नाही नीट. माझ्या खालाच्या मुलीला असंच व्हायचं, सारखं जायचं अंगावरून. कोणाला सांगितलं नाही आणि मग फार उशीर झाला तिला."

अम्मीचं ते वाक्य तिकडे असं पोहोचलं होतं, हे मदीहाला आत्ता कळलं.

"कल्याणात एक लेडी डॉक्टर आहेत, ओळखीच्या. मी नेते तुला. कोणाला कळणार नाही, अदनानला पण नाही सांगितलं मी." इरमने तिच्या हातावर हात ठेवला. "अम्मी म्हणते, निकाह थोडा पुढे ढकलू. लग्न मोडायचं असं कोणी म्हणत नाही, अल्ला कसम. पण आधी तपासून घेऊ. लपवून काय मिळतं सांग?"

मदीहाला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. एक शेड लपवायला निघालो आणि आता आपण आजारी आहोत! आजाराची नुसती शंका कल्याणात पसरली, की भिवंडीत यायला कितीसा वेळ लागणार? रंगाचं लोक तोंडावर तरी बोलतात. हे तर मागून बोलले असते, दया दाखवत. आणि नुसतं 'हो, त्रास आहे' म्हटलं, तर अम्मीचं झाकलेलं झाकलेलंच राहणार होतं. डॉक्टर काय, दोन गोळ्या देऊन मोकळी झाली असती. तेही सोपं होतं. तिने क्षणभर तोही विचार केला.

तेवढ्यात अजान सुरू झाली. इरम ओढणी सारखी करत उठली.

दार ढकलून अतिया आत डोकावली. हातात चहाचा ट्रे, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. बंद दारामागे काय बोलणं झालं ते तिला बिचारीला ठाऊक नव्हतं.

"इरम, तू घे पढून. चटई तिकडे आहे. मदीहाला आज नमाज नाही."

इरमने नजर खाली वळवली. मदीहा आपल्या अम्मीकडे बघत राहिली.

"आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मला नमाज आहे, अम्मी."

ती उठली आणि मोरीकडे गेली. अतिया ट्रे घेऊन दारातच खिळली, मागून तिने एकदा "मदीहा!" अशी हाक मारली. नळ सुटला. मदीहाने हात धुतले, चूळ भरली, नाकात पाणी घेतलं. मग ओंजळ भरून तोंडावर मारली. नुसत्या पाण्याने ते जाईना, तशी तिने साबण घेतला आणि कपाळ, गाल, जबडा, कानामागचं सगळं खसखसून चोळलं. पांढुरकं पाणी हनुवटीवरून गळत मोरीत गेलं. ते साफ निघाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून वुजू केला, सावकाश, एकही गोष्ट न गाळता.

इरम शेजारीच उभी होती, आपल्या नंबराची वाट बघत. तिने सगळं पाहिलं.

दोघींनी एकाच चटईवर नमाज पढली. मदीहाचं लक्ष मुळीच लागलं नाही. सिजद्यात कपाळ टेकलं तेव्हा ते ओलं आणि हलकं वाटलं, एवढंच तिला जाणवलं. नमाजच्या शेवटी सलाम फिरवताना तिने उजवीकडे मान वळवली, तशी इरमची नजर तिच्या नजरेला भिडली. इरम आता तिच्याकडे उघड उघड बघत होती. गाल, मान, परत गाल. बघून झालं तशी तिने दुवा मागितली, हात तोंडावरून फिरवले आणि पर्समधून फोन काढला.

अतियाने ट्रे अजून खाली ठेवला नव्हता. चहावर साय धरली होती.

"अम्मी? हां, मी इथेच आहे." इरम खिडकीकडे वळली नाही, की आवाजही कमी केला नाही. "डॉक्टरचं राहू दे. नाही, नाही. ठणठणीत आहे पोरगी. आता माझ्याबरोबर असर पढली. तारीख आहे तीच राहू दे."

पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं. इरमने ऐकून घेतलं. मग तिने अतियाच्या हातातून ट्रे घेतला आणि खाली ठेवला.

"तसं काही नव्हतं गं," ती फोनवर म्हणाली. "तिची अम्मी आपल्याला घाबरत होती."